दाबलेल्या हवेचा हिशेब



सायकलच्या पंपाचा एक खेळ लहानपणी आपण बहुतेकांनी केला असेल. पंपाच्या नळीचे तोंड अंगठ्याने घट्ट दाबून धरायचे आणि दांडा खाली रेटायचा. सुरुवातीला तो सहज जातो, मग जड होत जातो, आणि शेवटची चार बोटे तर काही केल्या उतरत नाहीत. हात सैल सोडला की दांडा आपला आपण वर येतो. आत ना स्प्रिंग आहे, ना रबर. आत आहे ती नुसती हवा. रोजच्या बोलण्यात हवा म्हणजे आपल्या लेखी काहीच नाही. ‘पोत्यात काय आहे?’ ‘काही नाही, हवा!’

पण हे ‘काही नाही’ उलटून रेटते, हे अंगठ्याला चांगले कळते. प्रश्न असा, की किती रेटते? हवा निम्म्या जागेत कोंबली तर किती आणि चौथ्या हिश्शात कोंबली तर किती? याला काही हिशेब आहे, की सगळा अंदाजाचाच कारभार? हिशेब आहे, आणि तो इतका सरळ आहे की सातवीतल्या मुलाला तोंडी करता यावा. साडेतीनशे वर्षांहून जुना आहे तो. २०२१ साली, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, प्राणवायूच्या टाकीशेजारी बसण्याची वेळ कितीतरी घरांवर आली. त्या टाकीवर एक काटा असतो. काटा पुष्कळांनी पाहिला, आणि ज्या नियमाने तो वाचायचा तो नियमही पुष्कळांनी शाळेत पाठ केलेला होता. पण वहीतला नियम आणि टाकीवरचा काटा यांची गाठ कुणी घालून दिली नव्हती. ती घालावी, एवढ्यासाठी आजचे हे बोलणे.

आधी प्रयोग करू. माझ्या शिक्षक बंधुभगिनींना मुद्दाम सांगतो, याला प्रयोगशाळा लागत नाही. औषधाच्या दुकानातून वीस मिलिलिटरची प्लॅस्टिकची सिरिंज आणा. सुई नकोच. दट्ट्या वीसच्या रेघेपर्यंत ओढा, आणि सिरिंजचे बारीक तोंड मेणबत्तीवर तापवून चिमट्याने दाबून बंद करा. हे काम शिक्षकांनी स्वतः करावे, मुलांच्या हाती देऊ नये. गार झाल्यावर सिरिंज पाण्यात धरून दट्ट्या दाबून पाहा. बुडबुडे आले नाहीत म्हणजे तोंड नीट बंद झाले. आता ती उभी धरा, दट्ट्याच्या डोक्यावर लाकडी फळीचा लहान तुकडा ठेवा, आणि त्यावर वाण्याकडची वजने. वजने कलंडू नयेत म्हणून दोन मुले दोहो बाजूंनी हात धरून उभी करावीत. मात्र त्यांनी वजनाला रेटायचे नाही, नुसते सावरायचे.

वीस मिलिलिटरच्या सिरिंजची नळी आतून सुमारे दोन सेंटीमीटर रुंद असते, म्हणजे दट्ट्याचे क्षेत्रफळ झाले सुमारे ३.१ चौरस सेंटीमीटर. मापायला सोपी युक्ती आहे. शून्यापासून वीसच्या रेघेपर्यंतचे अंतर पट्टीने मोजा आणि वीसला त्या अंतराने भागा, क्षेत्रफळ मिळेल. अंतर साडेसहा सेंटीमीटरच्या आत-बाहेर भरेल.

आता वर ३ किलो ठेवा. दट्ट्या खाली सरकतो आणि दहाच्या रेघेपाशी थांबतो. हवा निम्म्या जागेत आली. इथे थांबून वर्गाला विचारावे, ‘मुलांनो, आणखी ३ किलो ठेवले तर दट्ट्या कुठे जाईल?’ दहातली आठ-नऊ मुले छातीठोकपणे सांगतील, ‘शून्यावर!’ त्यांचे गणित चुकलेले नाही. पहिल्या ३ किलोंनी दहा मिलिलिटर गेले, तर दुसऱ्या ३ किलोंनी उरलेले दहा जायला हवेत. पण वजन ठेवल्यावर दट्ट्या साडेसहाच्या जरा वर थांबतो. आणखी ३ किलो ठेवले, एकंदर ९ झाले, तर पाचवर. शून्यावर तो जातच नाही. पोरे चक्रावतात. त्यांना थोडा वेळ चक्रावू द्यावे. उत्तर लगेच सांगून टाकले की प्रयोगाची अर्धी किंमत गेली असे मला वाटते.

चूक कुठे झाली? मुलांनी एक वजन मोजलेच नाही. ते डोळ्यांना दिसत नाही, पण प्रयोगाच्या आधीपासून दट्ट्यावर बसलेले आहे. ते वजन म्हणजे आपल्या डोक्यावरचा हवेचा थर. समुद्रकाठी हा थर दर चौरस सेंटीमीटरवर एक किलोहून किंचित जास्त भार टाकतो, आणि देशावर, पाच-सहाशे मीटर उंचीच्या गावी, एक किलोहून किंचित कमी. ३.१ चौरस सेंटीमीटरवर तो देशावर सुमारे ३ किलो भरतो. म्हणजे खरा जमाखर्च असा: वजन न ठेवता भार ३, जागा २०. तीन किलो ठेवल्यावर भार ६, जागा १०. सहा ठेवल्यावर भार ९, जागा ६ आणि दोन तृतीयांश. नऊ ठेवल्यावर भार १२, जागा ५. आता प्रत्येक वेळी भार आणि जागा यांचा गुणाकार करा. ३ विशे ६०. ६ दाहे ६०. ९ गुणिले ६ आणि दोन तृतीयांश, ६०. १२ पाचे ६०. साठ काही सुटत नाही!

प्रत्यक्षात तुमचा आकडा साठला चिकटून येणार नाही. रबरी दट्ट्या नळीला घासतो, त्यामुळे तो थोडा अडतो. त्यावर उपाय असा, की वजन ठेवल्यावर दट्ट्या हलकेच खाली दाबून सोडावा व आकडा टिपावा, मग हलकेच वर ओढून सोडावा व आकडा टिपावा, आणि दोहोंचा मध्य धरावा. कोकणातल्या शाळेत ३ किलोंऐवजी ३.२ किलोंच्या पायऱ्या घेतल्या तर आकडे अधिक जुळतील.

तर नियम हा: वायू तेवढाच असेल आणि त्याचे तापमान बदलत नसेल, तर त्यावरचा दाब आणि त्याने व्यापलेली जागा यांचा गुणाकार कायम राहतो. दाब दुप्पट तर जागा निम्मी, दाब तिप्पट तर जागा एक तृतीयांश. पुस्तकात याला व्यस्त प्रमाण म्हणतात आणि नियमाला बॉइलचा नियम.

हा बॉइल कोण, आणि त्याला हे मोजावेसे का वाटले, ही हकीकत ऐकण्यासारखी आहे. कारण हा नियम निवांत बसून सुचलेला नाही, तो भांडणातून निघाला.

रॉबर्ट बॉइल १६२७ साली आयर्लंडमध्ये एका धनाढ्य उमरावाच्या घरी जन्मला. पुढे तो इंग्लंडात ऑक्सफर्डला राहिला. तिथे त्याने रॉबर्ट हुक या अत्यंत कुशल तरुण मदतनिसाकडून एक पंप करवून घेतला. हा पंप काचेच्या गोलातली हवा बाहेर उपसून काढी. त्यावर केलेले प्रयोग बॉइलने १६६० साली छापले, आणि म्हटले की हवेला उसळी आहे. दाबलेली लोकर जशी फुलून वर येते, तशी हवा दाबली की उलट रेटते.

त्या काळी एक कोडे विद्वानांत गाजत होते. टॉरिचेली या इटालियन शास्त्रज्ञाने १६४४ साली एका पत्रात त्याचे वर्णन केले होते. काचेची लांब नळी पाऱ्याने भरून पाऱ्याच्याच भांड्यात उलटी उभी केली, तर नळीतला पारा सगळा खाली येत नाही, सुमारे २९-३० इंचांवर टांगून राहतो. त्याला कोण धरून ठेवते? बॉइलचे म्हणणे, भांड्यातल्या पाऱ्यावर बाहेरची हवा दाबते, तीच त्याला वर धरून ठेवते.

हे फ्रान्सिस लाइनस नावाच्या एका जेझुइट पंडिताला पटले नाही. १६६१ साली त्याने पुस्तक लिहून उत्तर दिले. हवेला थोडीबहुत उसळी असेल, पण २९ इंच पारा उचलून धरण्याइतकी ताकद तिच्यात कुठली? पाऱ्याच्या वर नळीत एक अदृश्य दोरा असतो, तो पाऱ्याला वर ओढून धरतो. पुरावा पाहिजे? दोन्ही तोंडे उघडी असलेली नळी पाऱ्याने भरा, वरचे तोंड बोटाने बंद करा आणि पारा उतरू द्या. बोट आत ओढले जाते की नाही? हा तो दोरा!

आपल्याला आज हसू येईल, पण हसू नये. बोट आत ओढल्यासारखे वाटते हे खरेच आहे, आणि बाहेरून कुणी ढकलत आहे असे बोटाला मुळीच वाटत नाही. ऊस चोखताना रस आपण ओढला असेच आपल्यालाही वाटते. लाइनस निरीक्षणात चुकला नव्हता, अर्थ लावण्यात चुकला होता.

बॉइलने वाद शब्दांनी वाढवला नाही, त्याने मोजायला घेतले. इंग्रजी ‘जे’ अक्षरासारखी वळवलेली काचेची नळी घेतली. आखूड बाजूचे तोंड बंद, लांब बाजूचे उघडे. ही नळी इतकी उंच होती की खोलीत उभी करता येईना, म्हणून ती जिन्यात उभी केली. फुटली तर पारा वाहून जाऊ नये म्हणून खाली लाकडी पेटी ठेवली. आणि ही सावधगिरी अनाठायी नव्हती, कारण आधीची एक नळी खरोखरच फुटली होती. एक जण वरून पारा ओती, एक जण खाली डोळा लावून बसे. पारा वाढेल तशी आखूड बाजूत कोंडलेली हवा आकसत जाई.

त्याचे आकडे पाहा. सुरुवातीला कोंडलेली हवा १२ इंच नळी व्यापून होती. तिच्यावर बाहेरच्या हवेचा दाब होता २९ आणि एक अष्टमांश इंच पाऱ्याएवढा. ती ६ इंचांत आणायला एकंदर दाब लागला ५८ आणि तेरा षोडशांश इंच. ३ इंचांत आणायला लागला ११७ आणि नऊ षोडशांश. दुप्पट आणि चौपट नेमके किती होतात? ५८ आणि पाव, आणि ११६ आणि अर्धा. शंभराला एकाचा फरक! हाताने घडवलेली काचेची नळी आणि कागदावर आखलेली मोजपट्टी, एवढ्या साधनांवर. ही हवा २९ इंच पारा तर सोडाच, त्याच्या चौपट पारा उचलून धरत होती. दोऱ्याचे काम उरले नाही.

हे सारे १६६२ साली, त्याच पुस्तकाच्या दुसऱ्या आवृत्तीत छापले गेले. प्रमाण व्यस्त असावे हा तर्क रिचर्ड टाउनली नावाच्या गृहस्थाने सुचवला, हेही बॉइलने तिथे नावानिशी लिहून ठेवले. पुढे १६७९ साली मारिओत या फ्रेंच शास्त्रज्ञाने तोच नियम मांडला, म्हणून फ्रान्सकडे त्याला मारिओतचा नियम म्हणतात. नावावरून भांडायचे कारण नाही.

बॉइलने ‘किती’ ते सांगितले. ‘का’ याचे उत्तर १७३८ साली डॅनिएल बर्नुलीने दिले, आणि ते पटायला आणखी शंभरावर वर्षे गेली. वायू म्हणजे असंख्य बारीक कण, सारखे इकडून तिकडे धावणारे. आपल्या भोवतालच्या हवेचे कण सेकंदाला चारशे-पाचशे मीटर या वेगाने धावत असतात. ते भांड्याच्या भिंतींवर आदळतात, आणि या लाखो-करोडो धडकांची बेरीज म्हणजे दाब. शाळेच्या मोठ्या खोलीत डोळे बांधलेली पन्नास पोरे धावत सोडा. भिंतीवर धडका बसतील. आता मधे पडदा टाकून तीच पन्नास पोरे निम्म्या खोलीत घाला. पोरे तेवढीच, त्यांचा वेगही तोच, पण भिंतीच्या प्रत्येक हातावर बसणाऱ्या धडका दुप्पट. एवढेच गुपित आहे.

या उदाहरणात ‘वेग तोच’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. वायूचे तापमान म्हणजे त्याच्या कणांच्या धावपळीचे माप. तापमान वाढले की कण जोराने धावतात, जोराने आणि जास्त वेळा आदळतात, आणि हिशेब बिघडतो. म्हणून नियमाला ‘तापमान तेच असेल तर’ अशी अट आहे. मुले ही अट परीक्षेत लिहायची विसरतात आणि त्यांचा एक गुण जातो, पण तिचा खरा अनुभव पंपालाच येतो. चाकात भराभर हवा भरा आणि पंपाच्या बुडाला हात लावा, चटका बसेल. झटक्याने दाबलेली हवा तापते. म्हणून सिरिंजवर वजन ठेवल्यावर घाईने आकडा वाचू नये. मिनिटभर थांबावे, हवा खोलीइतकी निवू द्यावी, मग वाचावा.

आता विहिरीकडे चला. पाठीला पत्र्याचा डबा किंवा वाळलेला भोपळा बांधून आपल्यापैकी किती जण पोहायला शिकले असतील! विहिरीत दहा मीटर खाली गेले, की वरच्या पाण्याचा भार डोक्यावरच्या सगळ्या हवेच्या भाराइतका होतो. म्हणजे तिथे दाब दुप्पट. एक कळशी पालथी धरून, दगड बांधून, दोराने तितकी खाली सोडली तर तिच्यातली हवा निम्म्या कळशीत मावते, उरलेल्या जागेत पाणी चढते. वर ओढली की हवा पुन्हा पूर्ववत. बुडी मारणाऱ्या पोराच्या छातीतल्या हवेचेही तेच होते. वरून भरून नेलेली हवा खाली आकसते आणि वर येताना मूळच्या इतकीच होते, जास्त होत नाही. त्या बाजूने त्याला धोका नाही.

धोका आहे तो पाठीवर हवेची टाकी घेऊन समुद्रात उतरणाऱ्याला. आज मालवण-तारकर्लीच्या किनाऱ्यावर हौशी मंडळीही असे उतरतात. हा माणूस दहा मीटर खाली असताना टाकीतून श्वास घेतो, तेव्हा त्याच्या छातीत तिथल्या दाबाची, म्हणजे दुप्पट दाबाची हवा भरते. तो श्वास रोखून वर आला, तर तीच हवा दुप्पट जागा मागू लागते. छाती काही दुप्पट होत नाही. फुप्फुसे फाटतात आणि माणूस दगावू शकतो. म्हणून या विद्येतला पहिला धडा हा, की वर येताना श्वास कधीही रोखायचा नाही. आणि आपल्या अंदाजाच्या उलट गोष्ट अशी, की खोलवरून वर येताना शेवटचे दहा मीटर सर्वांत वाईट. चाळीस मीटरवरून तीसवर येताना दाब पाचपटीवरून चौपटीवर येतो, हवा सव्वापट होते. दहा मीटरवरून पृष्ठभागावर येताना ती दुप्पट होते. पाण्याबाहेरचा उजेड दिसू लागतो आणि माणूस निर्धास्त होतो, नेमका तिथे.

आता प्राणवायूची टाकी. आपल्याकडे दवाखान्यांत दोन आकारांच्या टाक्या मुख्यत्वे दिसतात. मोठी, जिला जंबो म्हणतात, तिची आतली जागा सुमारे ४६.७ लिटर असते. लहान, जी रुग्णवाहिकेत ठेवतात, तिची सुमारे १० लिटर. भरलेल्या टाकीचा काटा दीडशेच्या आसपास असतो, म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला १५० किलो, ढोबळ मानाने वातावरणाच्या दीडशेपट. मग बाहेरच्या दाबाला तो प्राणवायू किती होईल? बॉइलला विचारा. लहान टाकीत १० गुणिले १५०, म्हणजे १,५०० लिटर. जंबोत ४६.७ गुणिले १५०, सुमारे ७,००० लिटर. डॉक्टरांनी मिनिटाला ५ लिटर लावला असेल, तर लहान टाकी ३०० मिनिटे, म्हणजे ५ तास चालेल. काटा निम्म्यावर, ७५वर आला, की प्राणवायू निम्मा राहिला आणि वेळही निम्मा राहिला. टाकीच्या आतली जागा गुणिले काटा, भागिले मिनिटाचे लिटर, की आली मिनिटे.

इथे एखादा चौकस विद्यार्थी शंका काढील. ‘गुरुजी, सिरिंजच्या वेळी बाहेरच्या हवेचा दाब मिळवला होता, मग इथे का नाही?’ शंका बरोबर आहे. काटा शून्य दाखवतो तेव्हा टाकी रिकामी नसते, तिच्यात बाहेरच्या इतक्याच दाबाचा प्राणवायू असतो. पण तो बाहेर येणार कसा? दोन्हीकडे दाब सारखाच. म्हणून वापरता येण्याजोगा प्राणवायू मोजताना काट्यावरचा आकडाच घ्यायचा. शिवाय फार मोठ्या दाबाला वायू नियमाशी तंतोतंत वागत नाही, थोडा इकडेतिकडे होतो. आपल्या कामाला हा हिशेब पुरतो. मात्र टाकी शेवटच्या थेंबापर्यंत ओढायची नाही, हातचे राखूनच चालायचे. आणि टाकीच्या झडपेला तेल-ग्रीस लावायचे नाही, जवळ विडी-काडी ओढायची नाही, हेही इथेच सांगून ठेवतो.

हाच हिशेब घरच्या गॅसच्या सिलिंडरला लावायला जाल, तर मात्र फसाल. काटा बसवून पाहणाऱ्यांना वाटते, भरल्या टाकीचा दाब निम्मा झाला की गॅस निम्मा झाला. तसे होत नाही. घरच्या सिलिंडरमध्ये १४.२ किलो इंधन असते ते द्रवरूपात. वर थोड्या जागेत त्याची वाफ. आपण वाफ वापरतो, दाब किंचित उतरतो, की लगेच खालचा द्रव उकळून जागा भरून काढतो. म्हणून द्रव आहे तोवर दाब जवळजवळ तेवढाच राहतो. तो बदलतो हवामानाप्रमाणे, थंडीत कमी आणि उन्हाळ्यात जास्त. द्रव संपला की मग झपाट्याने पडतो. ‘वायू तेवढाच’ ही नियमातली अट इथे मोडली, कारण वायूत सारखी भर पडते आहे. आपल्या घरची बाई सिलिंडर हलवून किंवा उचलून पाहते, तीच रीत खरी. तिथे वजनच खरे बोलते, काटा नाही.

त्या २०२१च्या उन्हाळ्यात तालुक्याच्या गावाहून जिल्ह्याच्या दवाखान्याकडे निघालेल्या एका गाडीत मी होतो. शेजारचे काका आडवे, त्यांचा मुलगा उशाशी, मी पायाशी, आणि आमच्यामध्ये लहान टाकी. त्या दिवसांत भरलेली टाकी मिळणे कठीण. मिळाली तिचा काटा ६०वर. डॉक्टरांनी मिनिटाला ४ लिटर लावून दिला होता. रस्ता दोन तासांचा. मुलगा म्हणाला, ‘सर, पुरेल ना?’ ड्रायव्हर म्हणाला, ‘पुरतीय की, आजून किती हाय!’ मी पाकिटाच्या पाठीवर मांडले: दहा साठे सहाशे, भागिले चार, दीडशे मिनिटे. अडीच तास. अर्धा तास हाताशी होता.

तासाभराने काटा पाहिला. दोनशे चाळीस लिटर गेले, तर तो ३६वर हवा. तो पस्तीस आणि चाळीसच्या मध्ये, पस्तीसकडे झुकलेला होता. वर्गात मी हा नियम अठ्ठावीस वर्षे शिकवला, पण तो इतक्या जवळून खरा ठरताना मी त्या दिवशीच पाहिला.

तेवढ्यात काकांच्या बोटावरच्या यंत्राचा आकडा उतरू लागला. डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, सहा करा. सहा केले. आणि मी पुन्हा पाकीट काढले. तीनशे साठ भागिले सहा, साठ मिनिटे. रस्ताही साठ मिनिटांचाच उरला होता. मुलाला काही बोललो नाही, ड्रायव्हरच्या खांद्यावर हात ठेवून म्हटले, ‘वाटेत ग्रामीण रुग्णालय लागतं, तिथं आत घ्या.’ तो म्हणाला, ‘सर, उगाच टाइम जाईल.’ ‘जाऊ द्या,’ म्हटले.

पंचवीस मिनिटांनी आम्ही तिथे शिरलो तेव्हा काटा वीसच्या जरा वर होता. तिथल्या परिचारिकेने आधी काट्याकडे पाहिले, मग काकांकडे, आणि काही न विचारता टाकी बदलून दिली. नव्या टाकीचा काटा १४० होता. चौदाशे भागिले सहा, पावणेचार तासांहून जास्त. पुढचा रस्ता पस्तीस मिनिटांचा. त्यानंतर काट्याकडे कुणी पाहिले नाही.